वर काठी, खाली झोळी

दोन झाडांच्या मध्ये बांधलेल्या झोळीत तुम्ही कधी अख्खी रात्र काढली आहे का? घरच्या झोपाळ्यावर बसून शेंगा खाणं वेगळं आणि अंगाखाली नुसतं एक कापड घेऊन, जमिनीपासून गुडघाभर उंच, उघड्या आभाळाखाली झोपणं वेगळं! माझ्या भाच्याला हे वेड लागलं तेव्हा तो नववीत होता. जानेवारीत आम्हा दोघांना पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत जायचं होतं. तंबू जड, शिवाय त्याला सपाट जागा पाहिजे. झोळीला काय, दोन झाडं मिळाली की काम झालं! "मामा, मी झोळीतच झोपणार," असं त्यानं जाहीर करून टाकलं आणि त्याची नजर गेली ती माझ्या काठ्यांवर.

या काठ्यांचं थोडं सांगतो. माझा उजवा गुडघा उतारावर कुरकुरतो. म्हणून डोंगरात जाताना मी ट्रेकिंगच्या दोन काठ्या बरोबर नेतो. ॲल्युमिनियमच्या तीन नळ्या एकात एक बसवलेल्या असतात. पिळून सैल करायच्या, हव्या तेवढ्या लांब ओढायच्या, उलट पिळून घट्ट करायच्या. पूर्ण मिटवली की काठी पिशवीत मावते आणि पूर्ण उघडली की माझ्या छातीला लागते. उतरताना शरीराचा थोडा भार हातांवर येतो आणि गुडघा सुटतो.

आता झोळीला काठ्या कशाला? तर त्याचं असं झालं. भाच्यानं आणलेली झोळी साधी होती. लांबलचक कापड, दोन्ही टोकं चुण्या घालून एकत्र आवळलेली. इंग्रजीत तिला हॅमॉक म्हणतात. हा शब्द मूळचा कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा. १४९२ साली कोलंबस तिथं पोचला तेव्हा ते लोक झाडांना बांधलेल्या जाळ्यांत झोपत असत. ही युक्ती पुढे जहाजांवर गेली आणि १५९७ साली इंग्लंडच्या आरमारानं तिला रीतसर मान्यता दिली. डुलणाऱ्या जहाजावर खाटेवरचा माणूस गडगडतो, झोळीतला मात्र जहाजाबरोबर झुलत राहतो.

पण अशा झोळीत सरळ झोपलं की पाठीचं केळं होतं. खांदे दोन्हीकडून आवळले जातात आणि कापड तोंडावर मिटतं. तिरकं झोपलं तर बरं वाटतं, हे खरं. पण आमच्या भाच्याला पाठ खाटेवर असते तशी सपाट हवी होती. त्यानं कुठल्याशा बागेतल्या झोळीचं चित्र पाहिलं होतं. तिच्या दोन्ही टोकांना लाकडी दांडे आडवे घातलेले आणि कापड पसरून पलंगासारखं सपाट! "मामा, दांडे कशाला वाहून न्यायचे? तुमच्या काठ्या आहेतच की. दिवसा चालायला, रात्री झोपायला!"

मला कल्पना आवडली. गुडघ्याला फारशी आवडली नसावी.

पण डोंगरात जाऊन पहिला प्रयोग करायचा नाही, असा माझा नियम आहे. म्हणून आदल्या रविवारी आम्ही करवीर तालुक्यातल्या आमच्या मळ्यात गेलो. बांधावर आंब्याची दोन झाडं आहेत, झोळीला हव्या तेवढ्याच अंतरावर. पलीकडच्या फडात ऊसतोड चालू होती. भाच्यानं झोळीच्या दोन्ही टोकांच्या दोऱ्यांत एकेक काठी आडवी बसवली, दोर ताणून बांधले. झोळी काय सुंदर दिसत होती म्हणून सांगू! अगदी कॅरमच्या बोर्डासारखी सपाट. तो ऐटीत वर चढला, पाठ टेकली, "मामा, फोटो—" म्हणाला आणि पुढचं वाक्य त्यानं जमिनीवरून पूर्ण केलं.

दुसऱ्यांदा तो डावीकडे पडला. तिसऱ्यांदा काठी दोरीतून निसटली आणि तो पुन्हा उजवीकडे पडला. चौथ्या वेळी मी चढून पाहिलं. कोण कुठल्या बाजूला पडलं ते सांगत नाही.

हे सगळं एक मुलगी लक्ष देऊन बघत होती. आठ-नऊ वर्षांची असेल. पलीकडच्या बाभळीच्या फांदीला जुन्या लुगड्याची झोळी बांधली होती. तिच्यात तिचा धाकटा भाऊ निजला होता आणि ती हातातल्या दोरीनं झोका देत होती. तिचे आई-वडील फडात तोडीवर होते. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, अशी हजारो कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे कोल्हापूरकडे येतात आणि हंगाम संपेपर्यंत, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलपर्यंत, राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला इथं 'एक कोयता' म्हणतात. पहाट व्हायच्या आधी ते फडावर जातात. मुलं कोपीत एकटी ठेवता येत नाहीत म्हणून तीही फडावर येतात. तान्ही मुलं झोळीत आणि झोका द्यायला मोठी बहीण.

भाचा तिसऱ्यांदा पडला तेव्हा ती हसली नव्हती. तिनं गंभीरपणे विचारलं, "तू ह्याच्यात निजणार?"

"हो."

"का? तुमाला घर न्हाई का?"

भाच्याला उत्तर सुचेना. मलाही सुचलं नाही.

एवढ्यात तिची आई बाळाला पाजायला बांधावर आली. डोक्यावरचा पदर सोडून तिनं घाम पुसला, बाळाला काढून घेतलं आणि मग आमच्या पलंगाकडे बघत राहिली. "दादा, काठी खाली घातल्यावर त्यो पडणारच की," ती म्हणाली. "लेकरू काठीवर ठेवत्यात का? काठी वर, लेकरू खाली."

मी उठून तिच्या झोळीपाशी गेलो. तोवर मी ती कितीदा पाहिली होती, पण बघितली नव्हती! लुगडं फांदीवरून घेऊन त्याचा खोलगट पाळणा केलेला. बाळाच्या वर, दीड-दोन हातांवर, लुगड्याच्या दोन्ही अंगांच्या मध्ये एक आडवं लाकूड अडकवलेलं. मोडक्या कोयत्याचा दांडा होता तो. दोन्ही टोकांना खाचा पाडलेल्या आणि खाचेत लुगडं चिंधीनं आवळून बांधलेलं, म्हणजे निसटायला नको.

"आणि ही नसली तर?" भाच्यानं विचारलं.

"नसली तर लुगडं दोन्हीकून मिटतंय. लेकराला वारा कुठून यायचा?"

तिनं बाळाला पाजलं, परत झोळीत घातलं, मुलीच्या हातात दोरी दिली आणि फडात निघून गेली. दहा मिनिटंही झाली नसतील. मुलीला मी शाळेचं विचारलं. चौथीत नाव आहे म्हणाली, गावाकडच्या शाळेत. परीक्षेपर्यंत परत जायला मिळेल का, हे तिला माहीत नव्हतं.

संध्याकाळी घरी आल्यावर भाच्यानं वही काढली आणि चित्रं काढायला बसला. आम्ही का पडत होतो, ते आता त्याला कळलं होतं. तुम्हीही एक प्रयोग करून बघा. पट्टीच्या दोन्ही टोकांना दोरा बांधून ती आडवी टांगा आणि पट्टीच्या वर खोडरबर ठेवा. जरा हात लागला की पट्टी उलटते आणि खोडरबर पडतं. आता तेच खोडरबर पट्टीखाली दोऱ्यानं लोंबकळत बांधा. कितीही हलवा, ते झुलेल आणि पुन्हा जागेवर येईल. आमच्या सपाट झोळीत भाच्याचं शरीर दोन्ही झाडांना जोडणाऱ्या दोराच्या रेषेच्या वर होतं. बाळाचं शरीर त्या लाकडाच्या कितीतरी खाली होतं. तिची काठी बाळाच्या लांबीच्या दिशेनं होती, आमची रुंदीच्या दिशेनं लागणार होती. पण गोम तीच.

म्हणजे काठ्या वर आणि त्यांच्या मध्ये कापडाचा खोल पन्हळ, असं काहीतरी करायला हवं होतं. झुलता पूल कसा असतो? दोन्ही बाजूंना दोन जाड दोर बाक घेऊन गेलेले आणि त्यांच्या आधारानं खाली चालायची वाट टांगलेली. तशीच झोळी! (नंतर कळलं की परदेशात अशा झोळीला पुलाचंच नाव आहे आणि तिथले लोक ट्रेकिंगच्या काठ्या तिच्यात सर्रास वापरतात. तेव्हा शोध आमचा नव्हे.) आम्ही छत्रीच्या कापडासारखं, पण त्याहून दणकट नायलॉन घेतलं आणि ओळखीच्या शिंपीकाकांकडे गेलो. लांबीच्या दोन्ही कडा सरळ न ठेवता मध्ये वीतभर आत अशा चंद्रकोरीसारख्या कापायच्या आणि त्या कडांना परकराला असतो तसा नेफा घालायचा, हे त्यांना समजावताना दमछाक झाली. "हे घालणार कोण?" असं त्यांनी दोनदा विचारलं. नेफ्यातून नाडीऐवजी दोर ओवला. डोक्याकडे एक काठी, पायांकडे एक. काठीच्या दोन्ही टोकांपासून दोर निघून पुढे एका कडीत एकत्र येतात, म्हणजे त्रिकोण होतो, आणि कडीपासून एकच दोर झाडाकडे जातो.

आता थोडं गणित. कंटाळू नका, कारण पुढे जी फजिती झाली ती या गणितातच दडलेली होती.

तुमच्या कंपासपेटीत ३०, ६० आणि ९० अंशांचा गुण्या असतो ना? झोळी बांधल्यावर झाडाकडे जाणारा दोर जमिनीशी साधारण ३० अंशांचा कोन करतो का, ते त्या गुण्यानं बघायचं. भाच्याचं वजन ४५ किलो. ३० अंशांचा कोन असला तर दोन्ही बाजूंच्या दोरांवर प्रत्येकी ४५ किलोच्या भाराइतका ताण येतो. दोर ताणून ताणून कोन १० अंशांवर आणला तर? तोच ताण १३० किलोच्या आसपास जातो! मुलगा तेवढाच, दोर तोच, पण ताण जवळजवळ तिप्पट. म्हणून झोळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणून बांधायची नसते. सैल सोडायची असते.

आणि काठीवर काय येतं? दोर त्रिकोण करून एकत्र येतात तेव्हा ते काठीची दोन टोकं आत ढकलतात. काठी ९५ सेंटिमीटर असेल आणि काठीपासून कडीपर्यंतचं अंतरही तेवढंच ठेवलं, तर निदान ११ किलो भाराइतका दाब टोकांवर येतो. कडी जवळ आणून अंतर एक तृतीयांश केलं तर दाब तिप्पट. म्हणून त्रिकोण लांब ठेवायचा.

हा दाब टोकांवर येतो, लांबीच्या दिशेनं. वाळलेली काटकी गुडघ्यावर आडवी ठेवून कट्कन मोडता येते. पण तिचं एक टोक जमिनीवर उभं टेकवून वरून दाबलं तर ती बराच वेळ दम धरते. काठीची ताकद अशी दिशा बघून असते. हे वाक्य लक्षात ठेवा.

झाडासाठी दोर नको, रुंद पट्टा घ्या. बारीक दोर सालीत रुततो आणि सालीखालच्याच थरातून झाडाचं अन्न वाहत असतं. आम्ही खाटेची नायलॉनची नवार घेतली, चांगली चार बोटं रुंद. झाड मांडीपेक्षा जाड, जिवंत आणि वर वाळकी फांदी नसलेलं असावं. झोळीचा तळ गुडघ्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, म्हणजे पडलं तरी हसू येण्यापलीकडे काही होत नाही.

तर असा जामानिमा घेऊन आम्ही सकाळच्या एस.टी.नं पन्हाळ्याला पोचलो. कोल्हापूरपासून पन्हाळा वीस किलोमीटर. गडावर बाजीप्रभूंचा पुतळा आहे, त्याला नमस्कार करून राजदिंडीच्या वाटेनं खाली उतरायला लागलो. इतिहास तुम्हाला पाठच असेल. सिद्दी जौहरच्या वेढ्यातून १२ जुलै १६६० च्या रात्री, आषाढ पौर्णिमेला, शिवाजी महाराज याच बाजूनं निसटले आणि भर पावसात विशाळगडाकडे निघाले. शिवा काशीद महाराजांचा वेश घेऊन दुसऱ्या पालखीत बसला आणि मारला गेला. दुसऱ्या दिवशी बाजीप्रभू आणि बांदल मावळ्यांनी घोडखिंड अडवून धरली. तीच पावनखिंड. सुमारे पन्नास किलोमीटरची ही वाट. आम्हाला दोन दिवस लागणार होते, त्यांनी एक रात्र आणि थोडा दिवस घेतला, तोही पालखी खांद्यावर घेऊन, चिखलात. पालखीच्या लांब दांडीचा भार खांद्यावर घेऊन अंधारात चालणाऱ्या भोयांची नावं मला कुठं वाचायला मिळाली नाहीत.

राजदिंडीच्या उतारावर काठ्यांनी आपलं काम चोख केलं. तुरुकवाडी, म्हाळुंगे मागे पडली आणि चढ चढून आम्ही मसाई पठारावर आलो. अहो, काय पठार आहे! जांभ्या दगडाचं लांबच लांब मोकळं रान. पावसाळ्यात हे हिरवंगार आणि नंतर फुलांनी भरलेलं असतं. जानेवारीत गवत सोनेरी झालं होतं आणि वारा असा की टोपी हातात धरावी लागे. मसाईदेवीच्या देवळाच्या सावलीला बसून भाकरी आणि खर्डा खाल्ला. खाताखाता भाचा चारी दिशांना मान वळवून बघत होता.

"काय शोधतोयस?"

"मामा, इथं एक पण झाड नाही."

दोन झाडं मिळाली की झालं, हे म्हणणं सोपं होतं! झोळीवाल्यानं वाट ठरवताना नकाशावर पाण्याबरोबर झाडंही शोधायची असतात, हे मसाईनं त्याला शिकवलं. पठारावर मुक्काम करायचा असेल तर झोळी पिशवीतच राहणार.

पठार उतरून दिवस कलता कलता आम्ही खोतवाडीच्या बाजूला आलो. एका घराच्या परड्यात आंब्या-फणसाची झाडं दिसली. दारात एक आजी शेंगा निवडत बसल्या होत्या. झाडाला पट्टा बांधून झोपू का, असं विचारलं. हे विचारायचंच, बरं का. झाड कुणाचं तरी असतं. आणि जंगलखात्याच्या हद्दीत तर परवानगीशिवाय मुक्काम करायचाच नाही.

"झाडाला? आणि घरात काय झालंय?" आजींनी विचारलं. शेवटी तह असा झाला की मी सोप्यात झोपायचं आणि पोरानं त्याच्या खुळचटपणात. रात्री त्यांनी पिठलं-भात वाढला, पैशाचं नाव काढल्यावर रागावल्या.

झोळी सुरेख बसली. गुण्या लावून कोन बघितला, त्रिकोण लांब ठेवला, काठीची टोकं दोराच्या फासांत घट्ट बसवली. टोकाला अणकुचीदार धातू असतो, त्यावर रबराची टोपी चढवली. झोळीत थंडी वरून नाही, खालून लागते. पाठीखालचं पांघरूण दबून जातं आणि दबलेलं पांघरूण ऊब धरत नाही. म्हणून तळाला माझं घोंगडं घातलं, पट्टणकोडोलीच्या यात्रेत घेतलेलं. भाचा वर चढला, कुशीवर वळला, पुन्हा पाठीवर आला. पडला नाही! पाठ सरळ, खांदे मोकळे, वर आंब्याचा मोहोर आणि त्यातून चांदण्या. "मामा, राजा झालो," म्हणाला.

पहाटे तीनच्या सुमाराला परड्यातून हाक आली. हाक कसली, गोणपाटातून ओरडल्यासारखा आवाज. विजेरी घेऊन धावलो. झोळी शेंगेसारखी मिटली होती आणि शेंगेत दाणा वळवळत होता. डोक्याकडची काठी ९५ सेंटिमीटरवरून आखडून अर्ध्यावर आली होती. पिळून घट्ट करायच्या काठीत आत एक प्लास्टिकचा गोळा फुगून नळीला धरून ठेवतो. चालताना धरतो, कारण भार क्षणभर येतो आणि जातो. इथं रात्रभर दाब, थंडी आणि त्यात पोराची चुळबूळ. खट् झालं आणि नळी आत गेली. दोन्ही कडा एकदम आत आल्या आणि कापड तोंडावर बसलं.

भाचा घाबरला होता. अंधारात नाका-तोंडावर कापड आलं आणि कुठली बाजू वर तेच कळेना, असं त्यानं मागाहून सांगितलं. मी कडा फाकवल्या आणि तो बाहेर यायला धडपडला. धडपडताना पाय खाली सोडायला त्यानं पायाकडच्या काठीवर बैठक मारली. आडवी. सगळा भार काठीच्या मधोमध. ॲल्युमिनियमची नळी आवाजही न करता वाकली.

काठीची ताकद दिशा बघून असते, ते वाक्य आठवलं? मला तेव्हाच आठवलं.

आवाजानं आजी बाहेर आल्या. विजेरीच्या उजेडात त्यांनी दोन्ही काठ्या निरखल्या. "काय करालायसा रं रातच्याला?" भाच्यानं सगळं सांगितलं. आजी घराच्या वळचणीला गेल्या आणि तिथल्या जुडीतून एक मेसाची काठी ओढून आणली. अंगठ्याएवढी जाड, वाळलेली, सरळ. "हिला पिळायला लागत न्हाई," म्हणाल्या.

मी विळीवर तिच्या दोन्ही टोकांजवळ खाचा पाडल्या. कोयत्याच्या दांड्याला होत्या तशाच. फास खाचेत बसवून चिंधीनं आवळले. पायाकडच्या बाजूला, जी काठी आखडली होती तिला पूर्ण मिटवून लावलं. सगळ्या नळ्या तळाशी टेकल्यावर आत सरकायला जागाच उरत नाही. पायांना तेवढी रुंदी पुरते. सगळं झाल्यावर भाच्याला विचारलं, सोप्यात येतोस का? तो थोडा वेळ झोळीकडे बघत उभा राहिला. मग म्हणाला, "तोंड बाहेर ठेवून झोपतो." सकाळी आजींनी चहा घेऊन उठवलं तेव्हा तो गाढ झोपेत होता.

आता माझी पाळी. दुसरा दिवस लांबचा आणि हातात काय? एक काठी वाकलेली, ती ना उघडत होती ना मिटत होती. दुसरी भरवशाची राहिली नव्हती. उतारावर जी काठी ऐन वेळी आखडते ती नसलेली बरी. "मामा, माझ्यामुळं झालं," असं भाचा दोनदा म्हणाला. मी रागावलो नाही असं म्हणणार नाही, थोडा रागावलोच. सोय बघताना मीच माझ्या गुडघ्याचा आधार त्याच्या अंथरुणाला गहाण टाकला होता. तिथं दोन मेसकाठ्या आधीच मागून घेतल्या असत्या तर?

आजींनी ती मेसकाठीच हातात दिली. ती हातात धरून मी करपेवाडीच्या रानातून चाललो, पांढरेपाण्याला आलो आणि पावनखिंडीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. खिंडीत उतरायला लोखंडी जिना आहे. मी एकेक पायरी काठी टेकत उतरलो. भाचा सगळा वेळ माझ्या एक पायरी खाली, हात मागे धरून. खाली कातळात थोडं पाणी साठलेलं होतं, बाकी शांत. जुलैत इथं पाण्याचा आवाज एवढा असतो की बोललेलं ऐकू येत नाही.

हे मला कसं माहीत? कारण त्याच जुलैत आम्ही पुन्हा गेलो. दर वर्षी त्या दिवसांत कोल्हापुरातून आणि बाहेरून शेकडो माणसं ही वाट चालतात. चिखल, जळवा, अंगाला चिकटलेले कपडे. झोळी घरीच ठेवली होती, कारण एवढ्या पावसात तिच्यावर ताडपत्री बांधली तरी दोरांवरून पाणी ओघळत आत येतं. माझ्याकडे नवीन काठ्या होत्या, पिळायच्या नव्हे, बाहेरून खटका दाबून बंद करायच्या. त्या फक्त चालायला. मेसाची काठी भाच्यानं पिशवीला उभी बांधली होती आणि ती वाटेत प्रत्येक फांदीला अडकत होती.

जाताना मळ्यावरून गेलो होतो. बाभळीच्या फांदीवर लुगड्यानं घासल्याची खूण दिसत होती. फड रिकामा होऊन खोडवा वाढला होता. ती मुलगी परीक्षेला पोचली की नाही, हे विचारायला तिथं कुणी नव्हतं.

खोतवाडीला आजी दारातच होत्या, डोक्यावर इरलं. भाच्यानं काठी पुढे केली. त्यांनी ती हातात घेऊन फिरवली, टोकांच्या खाचांवर अंगठा घासला.

"एवढ्या लांबनं काठी द्यायला आलासा?"

"तुमची होती ना, आजी."

त्यांनी ती वळचणीच्या जुडीत परत खोचली आणि म्हणाल्या, "जेवलासा काय? या आत. पाय धुवा आधी."